नायट्रोजनच्या दारात अडकलेला इलेक्ट्रॉन

आजचा भाग एका ग्राफबद्दल आहे. पॉडकास्टवर ग्राफ दाखवता येत नाही ही आपली जुनी अडचण, त्यामुळे डोळे मिटा (बाईक चालवत असाल तर मिटू नका) आणि कल्पना करा. आडव्या रेषेवर इलेक्ट्रॉनची ऊर्जा. उभ्या रेषेवर, नायट्रोजन वायूतून जाताना तो इलेक्ट्रॉन किती वेळा अडखळतो, ते. डावीकडून आलेख साधारण सपाट येतो. आणि मग २ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडं पुढे, २.३ च्या आसपास, एकदम एक उंचवटा. अडीच-तीन पट उंच. पुढे परत उतार.

बस, एवढंच. एक टेकडी. ती पहिल्यांदा दिसली १९२० च्या दशकात. तिचं गणित १९३६ साली एका पोराने मांडलं आणि उत्तर बरंचसं जुळलं. तरी ती टेकडी तिथे खरंच का आहे, हे कळायला आणखी पंचवीसएक वर्षं लागली. आणि कुठलाही आकडा प्रयोगातून उसना न घेता, फक्त क्वांटम मेकॅनिक्सच्या नियमांवरून ती काढायला त्याहूनही जास्त. म्हणजे उत्तर आधी आलं, कारण नंतर. परीक्षेत असं केलं की मास्तर विचारतात, कुणाचं बघून लिहिलंस? इथेही तोच प्रश्न आहे.

आधी थोडी ओळख करून घेऊ. इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे काय, तर टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल दीड व्होल्टचा असतो. तो एका इलेक्ट्रॉनला ढकलून जेवढी ऊर्जा देतो ती दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट. आपला टेकडीवाला इलेक्ट्रॉन २.३ चा, म्हणजे दोन सेलसुद्धा नाहीत. भौतिकशास्त्रात याला 'हळू' इलेक्ट्रॉन म्हणतात. हळू म्हणजे किती? सेकंदाला साधारण ९०० किलोमीटर. सीएसएमटीवरून सुटला तर एका सेकंदात नागपूर मागे टाकेल. पण इलेक्ट्रॉनच्या जगात हे रमतगमत चालणं आहे.

आणि या हळू चालण्यातच सगळी गंमत आहे. वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन अणूला बंदुकीच्या गोळीसारखा लागतो. हळू इलेक्ट्रॉन मात्र लहरीसारखा वागतो. २.३ इलेक्ट्रॉनव्होल्टला त्याची तरंगलांबी भरते सुमारे ०.८ नॅनोमीटर. नायट्रोजनच्या रेणूतल्या दोन अणूंमधलं अंतर ०.११ नॅनोमीटर. म्हणजे पाहुणा घरापेक्षा सातपट मोठा! तो रेणूला 'आपटत' नाही, त्याला वेढून टाकतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते रेणूंमुळे नव्हे, एका साध्या अणूमुळे. १९२१ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल रामसावर डांझिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) एक देखणा प्रयोग करत होता. धातूच्या पत्र्यावर अतिनील प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन उडवायचे, चुंबकाने त्यांना वर्तुळात वळवायचं, वाटेत बारीक फटी ठेवायच्या. ज्या इलेक्ट्रॉनचा वेग बरोबर असेल तोच सगळ्या फटींतून पार होणार. मग आत वायू सोडायचा आणि किती इलेक्ट्रॉन गळतात ते मोजायचं. आरगॉन वायूत त्याला जे दिसलं ते कुणाच्या डोक्यात बसेना. इलेक्ट्रॉन हळू करत नेले की एका टप्प्यावर, १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही खाली, आरगॉन जवळजवळ पारदर्शक होतो. जणू तिथे अणू नाहीतच. त्याच सुमाराला ऑक्सफर्डमध्ये टाउनसेंड आणि बेली यांनाही वेगळ्या पद्धतीने हेच सापडलं.

अकरावीत 'हुंडचा नियम' घोकला असेल तुम्ही. त्याच फ्रीडरिश हुंडने आपल्या डॉक्टरेटसाठी हे कोडं घेतलं होतं. जुन्या, गोळ्या-चेंडूंच्या भौतिकशास्त्रातून त्याने बराच प्रयत्न केला. जमलं नाही, जमणारही नव्हतं. १९२५ मध्ये गॉटिंगेनमधला २१ वर्षांचा एक विद्यार्थी, वॉल्टर एल्झासर, एका छोट्याशा टिपणात म्हणाला की बाबांनो, इलेक्ट्रॉन लहर असेल तर? अणूच्या आत लहर आखडते, आणि पलीकडे अशी बाहेर येते की बाहेरच्या लहरीशी तिचा ताल बरोबर जुळतो. मग बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मध्ये काही नव्हतंच. चष्म्याच्या काचेवरचं कोटिंग ज्या प्रकारच्या लहरींच्या खेळातून चमक घालवतं, त्याच जातीची ही गोष्ट.

याचं नीट गणित केलं नॉर्वेच्या योहान होल्ट्समार्कने, १९२९ साली. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याने आधी आरगॉन अणूचं विजेचं क्षेत्र घेतलं, अणू जसा आहे तसा, स्थिर. उत्तर रामसावरशी जुळेना. मग त्याने धरलं की इलेक्ट्रॉन जवळ आला की अणूही थोडा बदलतो. ऋण प्रभार येतोय म्हटल्यावर अणूतले इलेक्ट्रॉन जरा मागे सरकतात, अणू एका बाजूला ताणला जातो आणि येणाऱ्याला किंचित ओढून घेतो. हे सरकणं हिशेबात धरल्यावर आलेख जुळला. म्हणजे येणारा पाहुणा घर बदलतो, आणि बदललेलं घर पाहुण्याची वाट बदलतं.

अणू गोल असतो, म्हणून हे होल्ट्समार्कला हाताने करता आलं. आता रेणूकडे या.

रामसावरचाच विद्यार्थी एर्न्स्ट ब्र्यूखे याने वेगवेगळ्या वायूंच्या रेणूंचे असे आलेख मोजले. नायट्रोजनमध्ये आपली टेकडी दिसली. कार्बन मोनॉक्साइडचा आलेख तर नायट्रोजनच्या जुळ्या भावासारखा निघाला, कारण दोघांकडे इलेक्ट्रॉन १४ च. पण रेणू गोल नसतो. दोन केंद्रकं, दोन टोकं. इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूने येतो त्यावर सगळं अवलंबून. होल्ट्समार्कची पद्धत गोल वस्तूसाठी होती, ती इथे मोडून पडते.

१९३६ साली जेम्स फिस्क या अमेरिकन तरुणाने यावर तोडगा काढला. नुकतीच एमआयटीतून पीएचडी झालेली. त्याने गोलाच्या जागी लंबगोल घेतले. दोन अणूंना दोन खिळे समजा, दोऱ्याने भोवती लंबगोल काढा, आणि त्या लंबगोलांच्या भाषेत इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहा. समीकरण सुटं सुटं होऊन सोडवता येतं. अट एकच, रेणूचं क्षेत्र त्या पद्धतीला मानवेल अशा सोप्या आकाराचं असलं पाहिजे. खऱ्या रेणूचं तसं नसतं. म्हणून फिस्कने एक मानलेलं क्षेत्र घेतलं, ज्याच्यात एक-दोन आकडे हवे तसे वर-खाली करायची सोय होती. ते आकडे बसवल्यावर नायट्रोजनची टेकडी जवळपास योग्य जागी उभी राहिली. संगणकाशिवाय, हाताने.

माझं स्पष्ट मत आहे की ही कमाल होती. पण कमाल कशाची, ते बघायला हवं. फिस्कच्या मॉडेलमध्ये रेणूतले इलेक्ट्रॉन हलत नव्हते. अणूही हलत नव्हते. आणि येणारा इलेक्ट्रॉन व रेणूतले इलेक्ट्रॉन हे तंतोतंत एकसारखे, एकमेकांपासून वेगळे ओळखताच न येणारे आहेत, ही क्वांटम मेकॅनिक्सची सगळ्यात विचित्र अटही त्यात नव्हती. या सगळ्या न घेतलेल्या गोष्टींचं ओझं ते वर-खाली करायचे आकडे गुपचूप वाहत होते. उत्तर बरोबर होतं, पण त्यातला किती भाग क्वांटम मेकॅनिक्सने सांगितला आणि किती भाग बसवलेल्या आकड्यांनी, हे वेगळं काढता येत नव्हतं.

त्यानंतर रेणूंच्या बाबतीत हा विषय बराच थंड पडला. युद्ध आलं, माणसं रडारकडे वळली. फिस्कही बेल लॅब्समध्ये गेला आणि रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करू लागला. त्याची पुन्हा भेट होईल, वेगळ्याच खुर्चीत.

आता १९६२. ठिकाण पिट्सबर्ग, वेस्टिंगहाऊसची प्रयोगशाळा. माणूस जॉर्ज शुल्झ. ब्र्यूखेने मोजलं होतं 'किती इलेक्ट्रॉन अडखळले'. शुल्झने पुढचा प्रश्न विचारला: अडखळलेल्यांनी किती ऊर्जा गमावली? आणि गोष्ट सगळी उलटीपालटी झाली.

हे का चक्रावणारं होतं ते समजून घ्या. नायट्रोजनचा रेणू इलेक्ट्रॉनपेक्षा साधारण ५१ हजार पट जड आहे. पाच ग्रॅमची गोटी घ्या आणि स्वारासकट बुलेटवर मारा. वजनांचं प्रमाण तेवढंच येतं. गोटी टणकन उडून येईल, बुलेटला पत्ता लागणार नाही. हिशेब केला तर अशा साध्या टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा फार तर १२ हजारावा भाग देऊ शकतो. २.३ चा १२ हजारावा भाग म्हणजे ०.०००२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आणि नायट्रोजनचे दोन अणू स्प्रिंगसारखे कंप पावायला लावायचे, तर कंपनाच्या पहिल्या पायरीलाच ०.२९ लागतात. जवळजवळ दीड हजार पट जास्त. म्हणजे इलेक्ट्रॉनने नायट्रोजनला हलवणं जवळपास अशक्य.

शुल्झला दिसलं की टेकडीच्या भागात इलेक्ट्रॉन नायट्रोजनला फक्त पहिल्या पायरीवर नाही, तर आठव्या पायरीपर्यंत चढवतात. गोटीने बुलेट पळवली!

याचं एकच सरळ स्पष्टीकरण होतं. इलेक्ट्रॉन आपटून जात नाही. तो आत शिरतो आणि राहतो.

पुन्हा अकरावीची केमिस्ट्री काढू. नायट्रोजनमध्ये तिहेरी बंध. त्याच्या वर एक रिकामा कप्पा, 'पाय स्टार' ऑर्बिटल, बंध सैल करणारा. येणारा इलेक्ट्रॉन नेमका त्या रिकाम्या कप्प्यात बसतो. त्या कप्प्याचा आकार असा, की तिथे पोचायला इलेक्ट्रॉनला रेणूभोवती गिरकी घ्यावी लागते, आणि त्या गिरकीमुळे दारात एक उंबरठा तयार होतो. उंबरठा ओलांडून आत यायला वेळ लागतो, आणि आत आल्यावर बाहेर पडायलाही. याला रेझोनन्स म्हणतात. म्हणजे एक तात्पुरता ऋण आयन. नुसतं रेणू ओलांडून जायचं असतं तर या इलेक्ट्रॉनला लागला असता फेम्टोसेकंदाचा तिसरा हिस्सा. (फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे हजार हजार असे पाच वेळा तुकडे केले की उरतो तो.) उंबरठ्यामुळे तो काही फेम्टोसेकंद आत अडकतो.

आणि तेवढ्या वेळात काय होतं? बंध सैल करणाऱ्या कप्प्यात इलेक्ट्रॉन बसला, तिहेरी बंधाचा अडीचपट झाला, दोन अणू एकमेकांपासून दूर सरकायला लागले. तेवढ्यात इलेक्ट्रॉन निघून गेला. बंध पुन्हा तिहेरी, पण अणू आता चुकीच्या अंतरावर, ताणलेल्या स्प्रिंगसारखे. सोडली स्प्रिंग, सुरू झालं कंपन. गोटीने बुलेटला धक्का दिलाच नव्हता. ती बुलेटचा एक नट ढिला करून गेली होती.

आता खरी कडू-गोड गंमत. शुल्झच्या आलेखात ती टेकडी गुळगुळीत नव्हतीच. तिच्यावर दातेरी शिखरं होती. एखाद्याला वाटेल, ठीक आहे, तो तात्पुरता आयनही कंप पावत असेल, त्याच्या पायऱ्या दिसत असतील. पण मग कुठल्याही पायरीवर मोजा, शिखरं त्याच ऊर्जांना दिसायला हवीत. ती तशी दिसत नव्हती. पहिल्या पायरीच्या आलेखात शिखर एका जागी, दुसऱ्या पायरीच्या आलेखात जरा सरकलेलं, तिसऱ्यात आणखी. शिखरं सरकत होती. ज्या शिखराची जागा बघणाऱ्याप्रमाणे बदलते ती पायरी कसली?

१९७१ मध्ये बर्टविसल आणि हर्झेनबर्ग यांनी याचं जे उत्तर दिलं त्याचं नावच आवडण्यासारखं आहे: बूमरँग मॉडेल. आयन फार काळ टिकला असता तर अणू कितीतरी वेळा मागे-पुढे झाले असते आणि पक्क्या पायऱ्या बनल्या असत्या. क्षणात मोडला असता तर एकही फेरी झाली नसती आणि आलेख गुळगुळीत आला असता. नायट्रोजनमध्ये आयन नेमका एका फेरीपुरता टिकतो. अणूंची लहर बाहेर जाते, टोकाला आपटते, बूमरँगसारखी एकदा परत येते, आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉन पसार. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळतात, त्यातून शिखरं बनतात. त्यामुळे ती एका ठिकाणी खिळलेली नसतात. नायट्रोजनच्या कंपनाचा एक हेलकावा साधारण १४ फेम्टोसेकंदांचा. इलेक्ट्रॉनचं थांबणं आणि अणूंचं हेलकावणं या दोन घड्याळांचे काटे योगायोगाने जवळ आले, म्हणून हे दिसलं. फिस्कच्या मॉडेलमध्ये हे कधीच आलं नसतं. त्याच्या मॉडेलमध्ये अणू जागचे हलतच नव्हते.

पण, हो, बूमरँगमध्येही पळवाट होती. त्या तात्पुरत्या आयनची ऊर्जा-रेषा कशी आहे आणि तो किती भराभर मोडतो, हे आकडे प्रयोगाशी जुळतील असे बसवले होते. कथा खरी, पण आकडे उसने. १९७६ साली नासाच्या गोडार्ड केंद्रातले ॲरन टेमकिन आणि त्यांचे भारतीय सहकारी एन. चंद्रा यांनी कंपन आणि इलेक्ट्रॉन एकत्र हाताळणारी 'हायब्रिड' पद्धत वापरून ती सरकणारी शिखरं गणितातून काढून दाखवली. ते मोठं पाऊल होतं, तरी इलेक्ट्रॉनमुळे रेणू किती ताणला जातो याचा एक अंदाज त्यातही बसवावाच लागत होता.

मग काहीही न बसवता गणित केलं तर काय उत्तर येतं?

वाईट येतं. रेणू स्थिर धरला, इलेक्ट्रॉन एकसारखे असल्याची अट नीट पाळली आणि दुसरं काहीच घातलं नाही, तर टेकडी २.३ ला न येता ४ च्या आसपास येते. विचार करा, १९३६ चं हातचं गणित जवळपास बरोबर, आणि सत्तरच्या दशकातलं संगणकावरचं प्रामाणिक गणित दीड इलेक्ट्रॉनव्होल्टने चुकलेलं! बाहेरच्या माणसाला वाटेल, चाळीस वर्षांत मागे गेले.

माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची चूक आहे. कारण ही चूक काहीतरी सांगते. चार आणि २.३ यांच्यातलं अंतर म्हणजे होल्ट्समार्कने आरगॉनमध्ये धरलं होतं तेच: पाहुणा आला की घरातले सरकतात. आता ते सरकणं किती इलेक्ट्रॉनव्होल्टचं, हे नेमकं मोजून मिळालं. फिस्कचं बरोबर उत्तर हे सांगू शकत नव्हतं.

सरकणं गणितात आणायचं म्हणजे काय, तर मुंबई लोकल डोळ्यासमोर आणा. डब्यात चौदा जण. दादरला पंधरावा चढतो. त्याच्यासाठी कुणी पाय आखडतं, कुणी बॅग मांडीवर घेतं, कुणी चौथी सीट करून देतं. शिवाय हे प्रवासी इतके एकसारखे की कुर्ल्याला जो उतरला तो दादरला चढलेलाच होता का, हा प्रश्नच निरर्थक. आता सगळ्या पंधरा जणांच्या सगळ्या शक्य हालचालींचा एकाच वेळी हिशेब ठेवायचा. आणि तो पंधरावा तर डब्यात नुसता राहत नाही, येतो अनंत अंतरावरून आणि जातो अनंत अंतरावर.

यातून वाट काढणारी युक्ती आली अणुकेंद्रकाच्या भौतिकशास्त्रातून. युजीन विग्नर आणि लिओनार्ड आयझनबड यांनी १९४७ साली केंद्रकांच्या टकरींसाठी आर-मॅट्रिक्स नावाची पद्धत मांडली होती. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत फिलिप बर्क आणि त्यांच्या गटाने ती सत्तरच्या दशकात आधी अणूंसाठी आणि मग रेणूंसाठी वळवून घेतली. कल्पना अगदी व्यवहारी आहे. रेणूभोवती एक गोल काढा. त्या गोलाच्या आत सगळे इलेक्ट्रॉन समान, सगळा गोंधळ, तिथे रसायनशास्त्राची भारी हत्यारं वापरा. गोलाच्या बाहेर एकच इलेक्ट्रॉन उरतो, त्याला दुरून रेणूची फक्त ओढ जाणवते, तिथे सोपं गणित पुरतं. सीमेवर दोन्ही जोडा. आणि खरी बचत पुढे आहे. आतला महागडा हिशेब इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवर अवलंबून नसतो. तो एकदा केला की मग हजार वेगवेगळ्या ऊर्जांसाठी बाहेरचं स्वस्त गणित फक्त परत परत चालवायचं. दातेरी शिखरं शोधायची तर हजार बिंदू लागतातच. अमेरिकेत वॉल्टर कोन आणि जुलियन श्विंगर यांच्या सूत्रांवरून याच कामाच्या दुसऱ्या पद्धती उभ्या राहिल्या. त्यांत आज शिरत नाही.

ऐंशीच्या दशकापर्यंत या मार्गाने नायट्रोजनची टेकडी, तिची शिखरं, सगळं बऱ्यापैकी जागेवर आलं. मात्र इथेही एक मोह लपलेला आहे आणि तो सांगितला पाहिजे. चौदा इलेक्ट्रॉनच्या रेणूचा हिशेब जरा ढोबळ ठेवला आणि पंधरा इलेक्ट्रॉनच्या आयनला जास्त लाड केले, तर टेकडी २.३ च्याही खाली घसरते. दोन्हीकडे सारखीच माया करावी लागते. आणि किती माया 'सारखी', हे ठरवताना प्रयोगाचा आकडा डोळ्यासमोर असेल तर हात कुठे थांबतो, ते तुम्हीच समजा. फिस्कचा आकडा उघड बसवलेला होता. हा बसवलेला दिसतही नाही.

आता त्या खुर्चीकडे. १९५९ मध्ये जेम्स फिस्क बेल लॅब्सचे अध्यक्ष झाले. १९६४ साली त्याच बेल लॅब्समध्ये एका २६ वर्षांच्या तरुणाने कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढला. हा तरुण म्हणजे कुमार पटेल, जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं, जे आता सीओईपी म्हणून ओळखलं जातं. त्यांच्या लक्षात आलं की कार्बन डायऑक्साइडला थेट ऊर्जा देण्यापेक्षा ती नायट्रोजनमार्फत द्यावी. नायट्रोजनच्या कंपनाची पहिली पायरी आणि कार्बन डायऑक्साइडच्या एका कंपनाची पायरी यांची उंची जवळजवळ तंतोतंत सारखी आहे. नायट्रोजन कंप पावला की टकरीत ते कंपन शेजाऱ्याच्या हातात जातं, आणि त्यातून १०.६ मायक्रोमीटरचा अवरक्त लेझर निघतो. नायट्रोजनला कंप कोण देणार? विजेच्या डिस्चार्जमधले हळू इलेक्ट्रॉन. ते आपल्या टेकडीच्या पायथ्याशी आणि अंगाखांद्यावरच असतात. गोटीने बुलेट हलत नसती तर हा लेझर इतका दमदार झाला नसता.

ॲक्रिलिकच्या नेमप्लेट आणि लग्नपत्रिकांची जाळी कापणारी दुकानं बघितली असतील, तिथे सहसा हाच लेझर असतो. आणि सध्याच्या महागड्या फोनमधली सगळ्यात बारीक चिप बनवताना सेकंदाला ५० हजार कथलाचे थेंब ज्या लेझरने उडवून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश मिळवतात, तोही कार्बन डायऑक्साइड लेझरच.

फिस्कसाहेबांनी अध्यक्षाच्या खुर्चीतून पटेलांचा तो शोध बघताना आपल्या १९३६ च्या लंबगोलांची आठवण काढली असेल का? मला कल्पना करायला आवडतं, एवढंच.

शेवटी, उसन्या आकड्यांचा मी एवढा बाऊ का करतोय ते सांगतो. नायट्रोजन बाटलीत मिळतो. गणित चुकलं तर मोजून बघता येतं. पण चिपवर खाच पाडणाऱ्या प्लाझ्मात फ्लोरिनच्या संयुगांचे तुटके तुकडे असतात, जे क्षणभर जगतात. त्यांच्यावर इलेक्ट्रॉन सोडून मोजणं फार अवघड, काहींच्या बाबतीत कुणी मोजलेलंच नाही. तिथे आकडे बसवायला प्रयोगच नाही. जे गणित नायट्रोजनच्या टेकडीवर काहीही न बसवता पास झालं, फक्त त्याच्याच शब्दावर विसंबता येतं.

आणि चिपपेक्षा जवळची गोष्ट म्हणजे आपलं शरीर. किरणोत्सर्गातला एक मिलियन इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण पेशीतून गेला की मागे हजारो दुय्यम इलेक्ट्रॉन सुटतात, आणि त्यातले बहुतेक हळू असतात. बराच काळ समज असा होता की एवढे हळू इलेक्ट्रॉन डीएनएचं फारसं काही बिघडवणार नाहीत, बंध तोडायला जोर हवा. २००० साली कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात लिऑन सांश यांच्या गटाने डीएनएच्या सुक्या थरावर ३ ते २० इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले. डीएनएचे धागे तुटले. आणि किती तुटले याचा आलेख ऊर्जेप्रमाणे काढला तर त्यात उंचवटे होते. म्हणजे इथेही इलेक्ट्रॉन आत शिरून, रिकाम्या कप्प्यात बसून, बंध सैल करून जात होते. नायट्रोजनचा तिहेरी बंध ती बैठक सहन करतो आणि नुसता कंप पावतो. कमकुवत बंध तुटतात. अर्थात निर्वात पोकळीतला सुका थर म्हणजे पाण्याने भरलेली पेशी नव्हे, आणि पेशीत यातलं नेमकं किती घडतं यावर अजून काम चालू आहे.

असे बंध तोडणारे हळू इलेक्ट्रॉन पकडण्यात आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या ई. कृष्णकुमार आणि वैभव प्रभुदेसाई यांच्या गटाचं नाव जगभर आहे. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉनची ऊर्जा निवडून मोठ्या रेणूतला कुठला बंध तुटेल ते निवडता येतं: एका ऊर्जेला ऑक्सिजन-हायड्रोजन, दुसऱ्या ऊर्जेला कार्बन-हायड्रोजन. आणि २०१८ मध्ये, नायजेल मेसन यांच्यासोबत, सगळ्यात साध्या रेणूवर, हायड्रोजनवर त्यांनी इलेक्ट्रॉन सोडले. दोन्ही अणू हुबेहूब सारखे, तरी तुटल्यावर ऋण आयन एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी गेले. कारण तो एक इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन रेझोनन्समधून आत शिरला होता, आणि त्या दोन वाटांच्या लहरी एकमेकींत मिसळल्या होत्या.